चूळ

१

पीस कोसळली तेव्हा तिची सायकल जागची हललीसुद्धा नाही. शाळेच्या जिममधली ती सायकल, चाकं नसलेली, बोल्टने जमिनीला घट्ट बसवलेली. पट्ट्यांनी पायडलला बांधलेले तिचे पाय आणखी थोडे फिरले, मग थांबले, आणि कपाळ हँडलवर आपटलं. शेजारच्या सायकलवरच्या मुलीला वाटलं, दमली असेल. तिने आपला वेग आणखी वाढवला.

जीवशास्त्राच्या बाई दारातच उभ्या होत्या. मुलं त्यांना पाठीमागे चिमटाबाई म्हणत. ते प्रयोगशाळेतल्या चिमट्यावरून की बाईंच्या जिभेवरून, याबद्दल मुलांमध्ये दोन पक्ष होते. बाईंनी पीसचं मनगट धरलं आणि त्यांना नाडीच लागेना. सायकलिंगच्या सरांनी तिला उचलून जमिनीवर घेतलं आणि छाती दाबायला सुरुवात केली. भिंतीवरचं शॉक द्यायचं यंत्र आलं. दुसऱ्या झटक्याला ते हृदय पुन्हा चालू झालं, पण रागावलेल्या माणसासारखं, मनाला येईल तसं.

अँब्युलन्समध्ये एकालाच बसता येणार होतं. सगळ्यांनी पीसच्या आईकडे पाहिलं. ती रोज मुलीला गाडीतून सोडायची आणि सराव संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहायची. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. ती म्हणाली, "बाई, तुम्ही जा. मी तिची बॅग घेऊन मागोमाग येते."

बाई चढल्या. बाकी सगळे स्ट्रेचरमागे फाटकापर्यंत धावले होते. रस्ताभर बाईंनी पीसचा हात धरून ठेवला. तो पोरीचा हात असा हलका होता की तिचं टोपणनाव कुणी आणि का पाडलं, ते वेगळं सांगायला नको.

पीस शाळेची सर्वांत चांगली सायकलपटू होती. डोंगर चढायच्या शर्यतीसाठी राज्याच्या संघात तिची निवड जवळजवळ ठरली होती. त्या दिवशी ती सरावासाठी नव्हे, मैत्रिणीच्या प्रयोगासाठी सायकलवर बसली होती. ही मैत्रीण अकरावीतली. वर्गात इतके प्रश्न विचारायची की तिचं नावच शंका पडलं होतं. विज्ञान स्पर्धेसाठी तिने प्रकल्प घेतला होता: साखरेच्या पाण्याने नुसती चूळ भरली, एक थेंबही गिळला नाही, तरी खेळाडूचा वेग वाढतो का? जीभ मेंदूला सांगते, खाणं येतंय, आणि मेंदू पायांना मोकळं सोडतो, असं म्हणतात. आठ मुली, दर आठवड्याला एक फेरी, प्रत्येकीची नाव लिहिलेली वेगळी बाटली. काहींत साखर, काहींत नुसती गोडी आणणारी पूड. कुणाला काय मिळालं ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं, आणि ते मुलींना कळायचं नाही. कागदांवर मार्गदर्शक म्हणून चिमटाबाईंची सही होती.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर अजून डोकं खाजवत होते, तेव्हा पीसची आई त्यांना म्हणाली, की त्या पोरीने माझ्या मुलीला काहीतरी पाजलंय, आधी ती बाटली तपासा. जिमला कुलूप लागलं होतं. फौजदारांनी ते उघडायला लावलं आणि बाटली नेली.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. पीसच्या रक्तात अंगातलं पाणी लघवीवाटे उतरवणारं औषध होतं. त्याने शरीरातले क्षार वाहून गेले, आणि हृदयाचा ताल सुटला. आणि बाटलीच्या तळाशी त्याच औषधाचा पांढरा गाळ होता.

शंकाच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं.

२

त्या सकाळी दुकानाच्या शटरवर दगड पडले. शंका शाळेत आली तेव्हा जिन्यावर कुणीतरी तिच्या डोक्यावर पाण्याची बाटली रिकामी केली आणि म्हणालं, गिळ. ती ओल्या केसांनी प्रयोगशाळेत येऊन बसली. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. ते म्हणाले की फौजदार सोमवारी मुलीला चौकशीसाठी घेऊन जाणार आहेत, सही तुमची आहे, तेव्हा तोवर काय निस्तरता येईल ते निस्तरा. शाळेचं नाव कुठेही येऊ देऊ नका, हेही त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं.

बाईंनी शंकाला विचारलं. ती रडली नाही. तिने सांगितलं की पाणी तिने घरी उकळलं, बाटल्या तिनेच भरल्या, त्या जिममध्ये आणल्यापासून पीस पडेपर्यंत तिच्या नजरेआड झाल्या नाहीत. हे सांगून आपण आपल्याच गळ्याभोवती फास ओढतोय, हे तिला कळत होतं की नाही कोण जाणे.

"मग औषध आलं कुठून?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही. मला पीसला मारायचं असतं तर मी चिठ्ठ्या कशाला टाकल्या असत्या?"

"पीसने पाणी गिळलं का?"

शंकाने ओले केस पिळले. मग शब्द तोलून म्हणाली, "थुंकायचं, अशी सूचना होती." याच्यापुढे तिने तोंडाला कुलूप घातलं.

बाई सरांकडे गेल्या. सर आपल्या खेळाडूंना दर आठवड्याला सगळ्यांसमोर काट्यावर उभं करायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. पीसला त्यांनी सांगितलं होतं की आणखी एक किलो उतरला नाही तर नाव खोडतो, चढावर डोंगर दयामाया दाखवत नाही. बाईंनी औषधाचा विषय काढला तेव्हा त्यांनी कानावर हात ठेवले. ते म्हणाले, मी गोळ्या देत नाही, मी फक्त आरसा दाखवतो. शिवाय हे औषध खेळात बंदी असलेलं आहे. खेळाडूच्या रक्तात सापडलं तर खेळाडू गेलाच, प्रशिक्षकाचीही रोजीरोटी जाते. ते खरं बोलत होते, पण त्यांचा आवाज पीसपेक्षा स्वतःसाठी जास्त कापत होता.

उरली शेजारच्या सायकलवरची ती मुलगी. जाड पोटऱ्यांची, सगळे तिला इंजिन म्हणत. पीस पडल्यामुळे संघातली जागा आता तिला मिळणार होती. बाईंनी तेच तोंडावर विचारलं. इंजिनने डोळे खाली घातले नाहीत.

"पीसचं वाईट वाटतंय, बाई. जागा मिळाली याचं वाईट वाटत नाही. दोन्ही खरं आहे."

बाईंना ती मुलगी त्या क्षणी आवडली, आणि म्हणूनच तिच्यावरचा त्यांचा संशय वाढला. इतकं सरळ बोलणारी माणसं एक तर निर्दोष असतात, नाहीतर फार पुढची.

त्या त्याच विचारात कॉरिडॉरमधून जात होत्या, तेवढ्यात फोन आला. पीस शुद्धीवर आली होती. तिने फौजदारांना जबाब दिला होता, आणि त्यात एकच नाव घेतलं होतं. शंकाचं.

३

पीस उशीला टेकून बसली होती. नळ्या लावलेला हात चादरीवर होता. आई शेजारी बसून तिचे केस सारखे करत होती.

तिचं म्हणणं असं होतं. पाणी कडू लागलं. एरवी थुंकायचं असतं, पण त्या दिवशी शंकाने तिला बाजूला घेऊन सांगितलं की तू गिळ, तुझ्यावर वेगळं करून बघायचंय. म्हणून तिने गिळलं.

बाईंनी विचारलं, "सगळं?"

"हो, सगळं."

ती बाईंकडे न पाहता आईच्या हाताकडे पाहत होती. बाईंनी वर्गात इतक्या वर्षांत हजारो खोटी उत्तरं ऐकली होती. पाठ केलेलं उत्तर आणि घडलेली गोष्ट यांत एक फरक असतो. घडलेली गोष्ट सांगताना माणूस मध्येच अडखळतो, मागे जातो, काहीतरी बिनकामाचं आठवतो. पीस एकदाही अडखळली नाही.

पण ज्या मुलीचं हृदय बंद पडून चालू झालंय, ती जिवलग मैत्रिणीला तुरुंगाच्या दारात का ढकलेल? आणि तिला हे कुणी पढवलं असेल, तर कशासाठी? बाई परत शाळेत आल्या आणि त्यांनी इंजिनला वर्गातून बाहेर बोलावलं. त्यांनी मुद्दाम खडा टाकून पाहिला. म्हणाल्या, पीस म्हणते तिने पाणी गिळलं, तूही गिळलंस का?

इंजिनच्या कपाळावर आठ्या पडल्या. "पीस गिळलं म्हणते? माझ्यासमोर तर थुंकली. आम्ही सगळ्या कपात थुंकलो."

"कसला कप?"

"प्लॅस्टिकचा. शंका प्रत्येकीला देते ना. थुंकलं की झाकण लावते, वजन करते. कुणी चोरून गिळलं तर कळावं म्हणून. आमच्यावर विश्वास नाही तिचा."

बाई जिने चढून प्रयोगशाळेत गेल्या. रसायनांच्या फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात, बेडकांच्या बरणीमागे आठ झाकणबंद कप ओळीने ठेवलेले होते. मुली सायकलवर बसायच्या आधीच ते भरले गेले होते. पीस पडायच्या आधी.

बाईंनी हातमोजे घातले आणि पीसचा कप उजेडात धरला. तळाशी काहीही नव्हतं.

४

फौजदारांनी कुरकुरत का होईना, कप तपासायला पाठवला. हॉस्पिटलच्याच प्रयोगशाळेने शनिवारी उत्तर दिलं. कपात औषधाचा मागमूस नव्हता. शंकाच्या वहीतल्या वजनांप्रमाणे जितकं पाणी पीसने तोंडात घेतलं, तितकं सगळं त्यात होतं, वर थोडी लाळच. म्हणजे ती खोटं बोलत होती. तिने एक थेंब गिळला नव्हता.

बाईंनी फौजदारांना समोर बसवून सांगितलं, वर्गात सांगत तसं. पीसने चूळ भरली तेव्हा बाटली स्वच्छ होती. मग औषध बाटलीत नंतर पडलं. पण रक्तात तर ते होतंच, म्हणजे ते दुसऱ्या वाटेने, आधीच, आत गेलं होतं. आता ज्याने बाटलीत औषध टाकलं त्याला, डॉक्टरांनाही पत्ता नव्हता तेव्हा, पीसच्या रक्तात नेमकं कोणतं औषध आहे ते ठाऊक होतं. आणि त्याला वाटत होतं की बाटलीतलं पाणी मुली पितात. जिममधल्या प्रत्येकाला चूळ माहीत होती. सरांना, इंजिनला, शंकाला, सगळ्यांना. चूळ माहीत नाही असा माणूस जिमच्या आत नव्हता. तो बाहेरच्या बाकावर बसायचा.

फौजदार म्हणाले, "आई?"

"सगळे फाटकापर्यंत धावले. मी गाडीत होते. मागे एकटी कोण राहिली?"

फौजदारांना ते पटेना. त्यांनाही मुली होत्या. ते म्हणाले, बाई, धक्क्यात माणसं काहीही करतात, बॅग आणायला मागे राहणं हा काही पुरावा नाही. आणि औषध तिच्याकडे येणार कुठून?

 ते पाहायला बाई पीसची वह्या-पुस्तकं पोचवायचं निमित्त करून तिच्या घरी गेल्या. आई हॉस्पिटलमध्ये होती. पीसच्या आजोबांनी दार उघडलं. भिंत धरत, पाय ओढत ते खुर्चीपर्यंत आले आणि धपकन बसले. त्यांचे पाय चपलेत मावत नव्हते. बाईंनी बोटाने घोट्याजवळ दाबलं, तर तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला.

आजोबा म्हणाले, हृदय म्हातारं झालंय, पाणी साठतं. पूर्वी गोळीने उतरायचं, हल्ली लागू पडत नाही. सून मात्र फार काळजी घेते. रोज सकाळी आपल्या हाताने गोळी देते, एक दिवस चुकवत नाही.

बाईंनी गोळीची डबी मागितली. डबी त्याच औषधाची होती. आतल्या गोळ्या मोठ्या, खडूसारख्या. बाईंनी एक फोडून जिभेला लावली. कॅल्शियम.

आजोबांनी विचारलं, "चांगल्या आहेत ना?"

बाई म्हणाल्या, "आजोबा, आज माझ्याबरोबर हॉस्पिटलला चला. पाय दाखवून येऊ."

५

आजोबांना खालच्या मजल्यावर भरती केलं आणि बाई वर आल्या. पीसची आई कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीशी उभी होती. फौजदार थोड्या अंतरावर थांबले.

बाईंनी आवाज चढवला नाही. सासऱ्यांचे पाय पाहून आले म्हणून सांगितलं, डबी पाहिली म्हणून सांगितलं, कपाचं सांगितलं. आई ऐकत होती. कपाचं ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. चूळ भरून थुंकतात हे तिला मुलगी शुद्धीवर आल्यावर मुलीकडूनच कळलं होतं, आणि मग दोघींनी मिळून ती गिळायची गोष्ट जुळवली होती. थुंकलेलं कुणी जपून ठेवत असेल, हे दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. पीसला वाटलं होतं, वजन झालं की कप फेकून देतात.

आई म्हणाली, "मी जबरदस्ती नाही केली. ती स्वतः हात पुढे करायची. एक किलो राहिला होता, बाई. फक्त एक."

"आणि बाटली?"

"औषध घेतलंय असं निघालं असतं तर तिच्यावर बंदी आली असती. दुसऱ्याने पाजलं असेल तर तिचा दोष नाही. बरी झाल्यावर पुन्हा शर्यतीत उतरता आलं असतं तिला."

"तिचं हृदय थांबलं होतं."

"चालू झालं होतं ना," आई म्हणाली. "तुम्हीच गाडीत बसताना म्हणालात, चालू झालंय. मग मी मागे राहिले."

फौजदारांनी मान दुसरीकडे वळवली. त्यांनी आजवर बरेच कबुलीजबाब ऐकले होते, पण एवढा शांत क्वचितच. आईने पदराने चेहरा पुसला, मुलीच्या खोलीत डोकावून पाहिलं, आणि त्यांच्याबरोबर जिना उतरली. दुकानाच्या शटरची किंवा शंकाच्या ओल्या केसांची चौकशी तिने केली नाही. ती दुसऱ्याची मुलगी होती.

६

शंका सुटली. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी तिचं कौतुक केलं, आणि जिन्यावर जिने पाणी ओतलं होतं तिनेही टाळ्या वाजवल्या. पण बाईंच्या मनातला काटा निघाला नव्हता. त्या शंकाला घेऊन पीसला भेटायला निघाल्या, आणि हॉस्पिटलच्या आवारात तिला थांबवून त्यांनी विचारलं, की कप फ्रीजमध्ये आहेत हे तू पहिल्या दिवशीच का सांगितलं नाहीस? एका वाक्यात सुटली असतीस.

शंका म्हणाली, "त्यांनी लाळ सगळी वापरून टाकली असती. मला त्या लाळेवर अजून एक चाचणी करायची होती. दुसऱ्या मार्गाने सुटेन असं वाटलं."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. जी मुलगी स्वतःच्या सुटकेपेक्षा कपभर थुंकी जपते, तिने आणखी काय काय जपलं असेल, हा विचार त्यांना तिथे उभ्या उभ्या आला.

"तू दर वेळी मुलींचं वजन करायचीस. पीसचं उतरत होतं."

"हो."

"तुझं अर्धं बालपण औषधांच्या दुकानात गेलंय. तुला कळलं होतं."

"दुसऱ्या आठवड्यात," शंका म्हणाली. "चरबी इतक्या लवकर जात नाही. पाणीच जातं. पोटऱ्यांत गोळे येतात म्हणायची."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तिला प्रयोगातून वगळावं लागलं असतं. आठच जणी होत्या, बाई. तुम्हीच म्हणाला होतात, सातवर काही सिद्ध होत नाही."

बाईंना ते म्हटल्याचं आठवलं. 

पीसच्या छातीत आता कातडीखाली एक छोटं यंत्र बसवलं होतं. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की जिने सावकाश चढायचे, आणि सायकल विसरायची. शंका पलंगाशी उभी राहिली. पीसने माफी मागितली, आणि शंकाने ठीक आहे म्हटलं, जसं कुणी उसनं पेन परत दिल्यावर म्हणतात.  मग पीसने विचारलं, "चूळ भरल्याने मी जोरात गेले का ग?"

"नाही. बाकीच्या थोड्या गेल्या. तू नाही."

"का?"

शंकाने पिशवीतून कागद काढला. तिने स्पर्धेसाठी आलेख तयार करून ठेवले होते. पीसचा वेगळा होता. बाईंनी तिला अडवायला हात पुढे केला, पण तोवर कागद चादरीवर होता.

"वजन उतरत गेलं तशी तू मंद होत गेलीस," शंका म्हणाली. "दर आठवड्याला. पहिल्या दिवशी, गोळ्यांच्या आधी, तू सगळ्यांत वेगवान होतीस. इंजिन तुझ्या जवळपासही नव्हती."

पीसने कागदावरच्या उतरत्या रेषेवरून बोट फिरवलं, वरून खाली, अगदी टोकापर्यंत. तिथे रेषा संपली होती. तिने कागद घडी करून बाईंच्या हातात दिला.

"हे आईला कळू देऊ नका हं, बाई."

बाईंनी मान डोलावली. शंकाला घरी सोडलं. मग त्या तशाच पोलीस ठाण्यात गेल्या. फौजदारांची परवानगी घेऊन त्या पीसच्या आईसमोर बसल्या, आणि त्यांनी तो कागद टेबलावर उलगडला. कुठली रेषा कशाची, आडवं काय, उभं काय, सगळं समजावून सांगितलं, अगदी सावकाश, वर्गातल्या ढ मुलीला सांगतात तसं.

आईने तो खूप वेळ पाहिला. मग तिने कागद हळूच फिरवून खालची बाजू वर केली, आणि पुन्हा पाहिला.

"तुम्ही उलटा तर धरला नव्हता ना?" तिने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या, आणि कागद पुन्हा सरळ करून तिच्यासमोर ठेवला.